नाशिकमध्ये रिमोटवरच्या शिडाच्या नौकांच्या क्लब-शर्यती: नौका कोणती आणि पाणी कोणते?

गोदाकाठी | रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

रेडिओ-नियंत्रित शिडाच्या नौकांविषयी येथे अधूनमधून लिहिले गेले आहे, परंतु ते बहुतेक वेळा ‘माझी नौका पाहा’ एवढ्यावरच थांबले. आता गंगापूर रोड, सातपूर आणि नाशिक रोड मिळून आम्ही दहा-बारा हौशी लोक जमलो आहोत आणि महिन्यातून दोन रविवारी रीतसर शर्यती घ्याव्यात असे ठरत आले आहे. अडचण अशी की नौका एकसारख्या नाहीत. तिघांकडे ६५ सेंटिमीटरची तयार नौका आहे, एकाने बाल्साच्या हलक्या लाकडाची स्वतः बांधली आहे, आणखी एकाने परदेशातून परतताना एक मीटरची आणली आहे. या सगळ्या एकत्र सोडल्या की लांब नौका पुढे निघून जाते आणि पहिल्या फेरीनंतर शर्यत पाहण्यात कोणालाच रस उरत नाही.

तेव्हा पहिला प्रश्न असा की सर्वांनी एकाच वर्गाची, म्हणजे ठरलेल्या मापांची, नौका घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणती? दुसरा प्रश्न पाण्याचा आहे. गंगापूर धरण, आनंदवलीचा बंधारा, गांधी तलाव आणि निफाडकडची शेततळी, ही नावे चर्चेत आहेत. माझे स्वतःचे मत तयार, एकसारख्या नौकांच्या बाजूने आहे. आमच्यातील दोघांना ते मुळीच मान्य नाही. विकत घेतलेल्या नौकेवर शर्यत जिंकणे म्हणजे दुसऱ्याच्या बुद्धीवर जिंकणे, असे त्यांचे म्हणणे आहे.

टेम्सपार | रविवार, रात्री १०.०२

मी गेली काही वर्षे इंग्लंडमधील एका लहान क्लबात शर्यतीत उतरतो, त्या अनुभवावरून लिहितो. क्लब टिकतो तो नौकांच्या सारखेपणावर. आमच्याकडे ‘ड्रॅगनफ्लाइट ९५’ हा वर्ग चालतो. ९५० मिलिमीटर लांबीची ही नौका सुमारे दोन किलो वजनाची असून जॉयस्वे ही चिनी कंपनी ती बनवते. तिची धाकटी बहीण ‘ड्रॅगनफ्लाइट ६५’ ६५० मिलिमीटरची आहे. नियमांत जे बदल मान्य केले आहेत तेवढेच करायचे, बाकी नौका जशी येते तशीच ठेवायची, हे या वर्गाचे तत्त्व आहे. त्यामुळे नवा माणूस पेटी उघडून जुळवाजुळव करतो आणि पुढच्या शर्यतीत उभा राहतो. हरला तर नौकेला दोष देण्याची सोय त्याला राहत नाही.

ज्यांना आंतरराष्ट्रीय पातळीची नौका हवी आहे त्यांनी ‘इंटरनॅशनल वन मीटर’ म्हणजे आयओएम पाहावी. तिची कमाल लांबी १००० मिलिमीटर, किमान वजन ४ किलो, आणि त्यापैकी फिन (नौकेखालची उभी पाटी) व तिच्या तळाचे शिसे मिळून २२०० ते २५०० ग्रॅम. कवचाचा, म्हणजे नौकेच्या धडाचा, आकार मोकळा सोडला आहे, पण कवचात कार्बन फायबर चालत नाही. वाऱ्याच्या जोरानुसार ए, बी आणि सी असे शिडांचे तीन संच ठेवता येतात. नौका अतिशय सुंदर आहे, परंतु चांगली आयओएम आणि तिचे तीन संच यांचा खर्च नवख्याला परवडणारा नाही. दहा-बारा जणांच्या क्लबाने त्या वाटेला लगेच जाऊ नये.

ओझरकर | रविवार, रात्री १०.४०

मी टेम्सपार यांच्याशी सहमत नाही. आयुष्यभर ओझरला विमानांच्या सांगाड्यांवर काम केल्यामुळे माझे मत एकांगी असेल, ते असो. ज्याने कवचाच्या फासळ्या कापल्या नाहीत, शिडाचे पट्टे जोडले नाहीत, त्याला वारा वाढल्यावर मेन शिडाचा वरचा भाग किती उघडू द्यायचा हे कळायला फार काळ लागतो. नाशिकमध्ये अंबड आणि सातपूरच्या वसाहतींत लेथ, मिलिंग, फायबरचे काम, सगळे उपलब्ध आहे. अशा गावाने पेटीतली नौका मागवावी याचे मला वाईट वाटते.

बांधायचीच असेल तर ‘आरजी ६५’ हा वर्ग घ्यावा. लांबी जास्तीत जास्त ६५० मिलिमीटर आणि शिडांचे क्षेत्रफळ जास्तीत जास्त २२५० चौरस सेंटिमीटर, एवढी मर्यादा पाळली की बाकीच्या बहुतेक बाबतींत कारागिराला मोकळीक आहे.

शिसे स्वतः ओतणाऱ्यांना एक सूचना. प्लॅस्टरचा साचा पूर्ण कोरडा असल्याशिवाय त्यात वितळलेले शिसे ओतू नका. साच्यात ओल राहिली तर तिची वाफ होऊन शिसे उसळते. साचा ओव्हनमध्ये मंद आचेवर अनेक तास ठेवावा, काम उघड्यावर करावे, डोळ्यांना चष्मा आणि हातात चामडी मोजे असावेत, आणि स्वयंपाकाचे भांडे वापरून ते पुन्हा घरात नेऊ नये.

इंदिरानगरचा_रहिवासी | रविवार, रात्री १०.५५

आमच्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावावर वारा अजिबात नाही, परंतु हरकती घेणारे सभासद भरपूर आहेत. शर्यतीसाठी प्रोटेस्ट (हरकती ऐकणारी) समिती हवी असल्यास ती आम्ही विनामूल्य पुरवू.

प्रतिकृतीशास्त्र | सोमवार, सकाळी ७.२०

मी निवृत्त अभियंता असून धरणांच्या सांडव्यांच्या लहान प्रतिकृतींवर ‘मेरी’ या नाशिकच्या अभियांत्रिकी संशोधन संस्थेत काम केले आहे, म्हणून मूळ धाग्यातील ‘लांब नौका पुढे जाते’ या वाक्याचा हिशेब मांडतो.

पाणी बाजूला सारत जाणाऱ्या कवचाची सहजसाध्य गती पाण्यातील लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला मीटर या एककात ती साधारण १.२५ गुणिले लांबीचे वर्गमूळ इतकी येते. एक मीटरच्या नौकेसाठी ती सेकंदाला १.२५ मीटर, म्हणजे ताशी साडेचार किलोमीटर, जवळजवळ चालण्याची गती. ६५ सेंटिमीटरच्या नौकेसाठी हाच आकडा सेकंदाला १ मीटर येतो. पाच मिनिटांत पहिली ३७५ मीटर जाईल, दुसरी ३०० च्या आसपास. दोघांचे चालक सारखेच कुशल असले तरी हे पाऊणशे मीटर कोठून भरून काढायचे? अनुकूल वाऱ्यात लाटेवर घसरणारी हलकी नौका या मर्यादेपलीकडे जाते हे खरे, परंतु वाऱ्याच्या विरुद्ध जाताना ती सवलत मिळत नाही.

दुसरी गोष्ट स्थैर्याची. नौका सर्व मापांत निम्मी केली तर शिडावरचा वारा तिला कलंडवणारा जो आघूर्ण (बल गुणिले अंतर) लावतो तो लांबीच्या घनाने कमी होतो, पण तिला सावरणारा आघूर्ण चतुर्थ घाताने कमी होतो. म्हणून लहान नौका मोठीची हुबेहूब प्रतिकृती असून चालत नाही. तिचा फिन प्रमाणाबाहेर खोल आणि टोकाचे शिसे प्रमाणाबाहेर जड ठेवावे लागते. आयओएमची पाण्यातली खोली ३७० ते ४२० मिलिमीटर असते ती यामुळेच. पाणी निवडताना हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण काठाजवळ निदान ६० सेंटिमीटर खोली नसेल तर नौका सोडतानाच ती गाळात रुतेल.

मीनल_ना | सोमवार, सकाळी ९.१५

माझी मुलगी सहावीत आहे आणि तिला हा खेळ शिकायचा आहे. लहान मुलांना हे जमते का? तिने एकदा एका काकांची नौका हातात घेतली होती. नौका लांब जाताना सारे ठीक होते, पण परत येऊ लागली की डावे-उजवे उलटे होई आणि ती रडवेली होई.

टेम्सपार | सोमवार, दुपारी १.३०

मीनलताई, ही अडचण प्रत्येक नवशिक्याला येते आणि मुले मोठ्यांपेक्षा लवकर तिच्यातून बाहेर पडतात. उपाय सोपा आहे. नौका ज्या दिशेने जात असेल त्या दिशेला आपणही शरीर वळवून उभे राहायचे आणि गरज पडल्यास मान वळवून खांद्यावरून तिच्याकडे पाहायचे. मग नौकेचे उजवे ते आपलेही उजवे राहते. यंत्रावर चालवण्यासारख्या दोनच गोष्टी असतात, एक सुकाणू आणि दुसरी शिडे आवळणारी विंच. दोन्ही शिडे एकाच काडीवर चालतात, त्यामुळे बोटांना गोंधळ होत नाही.

खरी कठीण गोष्ट वेगळीच आहे आणि ती मोठ्यांनाही जड जाते. आपण काठावर असतो, नौकेत नसतो. साठ मीटरवरच्या खुणेच्या तरंगत्या बोयाला नौका लागली की अजून दोन हात दूर आहे, हे डोळ्यांना नीट कळत नाही. म्हणून बोयाजवळ वळताना सुरुवातीला ऐसपैस जागा सोडावी.

येवलेकर | सोमवार, रात्री ८.४५

वाऱ्याबद्दल कोणी बोलेना म्हणून मी लिहितो. आमच्या येवल्यात संक्रांतीला तीन दिवस पतंगांचा उत्सव असतो आणि लहानपणापासून आम्ही वारा पाहूनच जगतो. नाशिक जिल्ह्यात हिवाळ्यातील सकाळ बहुधा निवांत असते. निफाडला थंडीने द्राक्षबागायतदार शेकोट्या पेटवत असतात तेव्हा पाणी आरशासारखे स्थिर असते. हिवाळ्यात वारा दिवस तापल्यावर सुटतो, तोही हलका आणि दिशा बदलणारा. फेब्रुवारी संपला की दुपारी पश्चिमेकडचा वारा जोर धरू लागतो आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर तो चांगला भरवशाचा असतो. जून ते ऑगस्ट वारा जोरदार आहे, पण झोतांचा आहे. म्हणून सकाळी सातची शर्यत ठेवण्याची शहरी सवय सोडा. हिवाळ्यात अकरा ते दोन आणि उन्हाळ्यात चार ते सूर्यास्त, या वेळा योग्य ठरतील.

पतंगवाल्याचा अजून एक सल्ला असा की काठावर एका उंच काठीला हलकी फीत बांधा आणि पाण्यालगत दुसरी. दोन्ही एकाच दिशेने उडत नसतील तर वारा काठाने ढवळला आहे असे समजावे.

बागायतदार_निफाड | मंगळवार, सकाळी ६.५०

माझ्या द्राक्षबागेला अस्तर घातलेले शेततळे आहे. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल हे सर्वांत मोठे माप होते. माझे तळे साधारण त्याच आकाराचे आहे. पाणी स्वच्छ आहे, शेवाळ किंवा पाणवेली नाही, आणि खोलीची चिंता नाही. मंडळींनी यावे, चहा-भेळ माझ्याकडे. मात्र माझ्या अटी आहेत. अस्तराचा कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही आणि उतारावरून घसरलेल्या माणसाला पोहता येत असले तरी वर चढता येत नाही. अशा तळ्यांत माणसे बुडाल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. म्हणून माझ्या तळ्यावर गाठी मारलेले दोर आणि हवा भरलेल्या ट्यूब चारही बाजूंना आहेत, आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय मी कोणालाही बांधाच्या आत उतरू देणार नाही. ऑक्टोबरच्या छाटणीत आणि फेब्रुवारी-मार्चच्या काढणीत मला वेळ नसतो. एप्रिल-मेमध्ये बागेला पाणी दिल्यामुळे तळे खाली जाते.

प्रतिकृतीशास्त्र | मंगळवार, सकाळी १०.०५

निफाडकरांचे निमंत्रण मोठ्या मनाचे आहे, परंतु शेततळ्यावर शर्यत घ्यायची की केवळ सराव, याचा विचार व्हावा. तीस मीटरच्या तळ्यात दोन्ही काठ सोडून वाऱ्याच्या दिशेने वीस मीटरचे अंतर मिळेल. नौका थेट वाऱ्याकडे जाऊ शकत नाही, साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून नागमोडी जाते, म्हणजे प्रत्यक्ष प्रवास २८ मीटर. पाऊण मिनिटात तो संपतो. एवढ्या वेळात दोन-तीन वळणे होतात आणि डावपेचांना वाव उरत नाही.

शिवाय बांध आणि पाण्याची पातळी यांत दोन मीटर अंतर पडले तर वारा बांधावरून उचलला जातो, आणि अडथळ्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तो विस्कळीत राहतो असे धरून चालावे. दोन मीटरचे दहापट वीस मीटर. म्हणजे तळे अर्धे रिकामे असताना त्याचा बहुतेक भाग विस्कळीत वाऱ्याचाच. काठोकाठ भरलेले असताना चित्र बरेच सुधारते. सुकाणू जुळवणे, शिडे लावणे, मुलांना शिकवणे यासाठी मात्र याहून उत्तम जागा मिळणार नाही.

पक्षीवेडा_सिन्नर | मंगळवार, दुपारी ३.२०

जागेचाच प्रश्न असेल तर नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय किती विस्तीर्ण आहे! कोणी त्याचा विचार का करत नाही? मी पक्षी पाहायला तेथे जातो तेव्हा वाराही भरपूर असतो.

मीनल_ना | मंगळवार, दुपारी ३.५५

पक्षीवेडा यांच्या सूचनेचे आश्चर्य वाटले. ते अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून त्याला मान्यता मिळाली. तेथे नौका सोडण्याची परवानगी मागणेसुद्धा योग्य होणार नाही.

पक्षीवेडा_सिन्नर | मंगळवार, सायंकाळी ५.१०

मीनलताई, सूचना उपरोधिक होती आणि ती तशी वाचली जाईल असे मी गृहीत धरले होते. माझा मुद्दा एवढाच की कोणत्याही पाण्यावर जाण्यापूर्वी तेथे हिवाळ्यात कोणते पक्षी उतरतात हे पाहावे. गंगापूरच्या फुगवट्यातही स्थलांतरित बदके येतात. इंजिन नसलेली नौका आवाज करत नाही हे बरे, पण थव्याच्या मधोमध बोया टाकू नये.

माजी_नौसैनिक | मंगळवार, रात्री ९.००

गंगापूर धरणाबद्दल. हे धरण नाशिक शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मुख्य आधार आहे, त्यामुळे कोठूनही काठावर उतरून नौका सोडता येईल असे समजू नये. जलसंपदा विभागाची लेखी परवानगी लागेल. तेथे पर्यटन महामंडळाचा बोट क्लब आहे, त्याच्या आवारातून सुरुवात करण्याचा प्रयत्न करावा. परवानगी मागताना बॅटरीवर फक्त सुकाणू आणि विंच चालते, इंधन नाही, तेल नाही, पंखा नाही, हे स्पष्ट लिहावे. ‘रिमोट बोट’ म्हटले की समोरच्याच्या डोळ्यांपुढे पेट्रोलवर घोंघावणारी बोट उभी राहते.

आनंदवली आणि गांधी तलावाविषयी माझे मत असे आहे की नदीपात्रात पावसाळ्यात शर्यती ठेवूच नयेत. गंगापूरमधून विसर्ग सुरू झाला की नदी किती चढली हे शहर पात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून मोजते. त्या दिवसांत पाण्याजवळ खेळ मांडणे शहाणपणाचे नाही. पावसाळ्यानंतर पाणवेलींचा प्रश्न येतो. फिनला आणि सुकाणूला एक वेल अडकली तरी नौका जागीच फिरते. गांधी तलावावर भाड्याच्या होड्या आणि भाविकांची गर्दी असते, आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत तो सारा परिसर आपल्याला मिळणे अवघड आहे.

आणि एक विनंती. नियम पहिल्या दिवसापासून पाळा. ‘आपण हौशी आहोत’ हे वाक्य मी अनेक खेळांत ऐकले आहे, आणि पहिली टक्कर झाली की तेच हौशी एकमेकांशी बोलेनासे होतात.

सातपूर_थ्रीडी | मंगळवार, रात्री ९.३५

काका, नियमांचे पुस्तक जाडजूड आहे आणि आम्हा विद्यार्थ्यांना शनिवार-रविवारचे दोन तास मिळतात. थोडक्यात सांगता येईल का?

तसेच ओझरकर काकांना विचारायचे होते की थ्रीडी प्रिंटरवर छापलेले आरजी ६५ चे कवच चालेल का?

ओझरकर | मंगळवार, रात्री १०.२०

चालेल, परंतु छपाईचे पीएलए हे प्लॅस्टिक वापरू नकोस. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडू लागते आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत डॅशबोर्डजवळ तेवढे तापमान सहज होते. नौका गाडीत ठेवून जेवायला जाशील आणि परत येईपर्यंत तिचा कणा वाकलेला असेल. पीईटीजी हे दुसरे प्लॅस्टिक बरे. छपाईच्या थरांमधून पाणी झिरपते म्हणून आतून इपॉक्सीचा पातळ हात द्यावा. रिसीव्हर आणि त्याची अँटेना शक्य तितकी वर, डेकच्या खाली लगेच बसवावी. २.४ गिगाहर्ट्झचा संदेश पाण्यातून जात नाही. नौका कलंडून अँटेना पाण्याच्या पातळीखाली गेली की संपर्क तुटू शकतो.

टेम्सपार | बुधवार, दुपारी २.००

सातपूरच्या मित्रासाठी नियम जमेल तितक्या थोडक्यात. नौकानयनाचे शर्यत-नियम जगभर एकच आहेत आणि दर चार वर्षांनी सुधारले जातात. सध्याची आवृत्ती २०२५ ते २०२८ ची आहे. रेडिओ-नौकांसाठी त्यात परिशिष्ट ई आहे.

आपल्याला रोज लागणारे नियम मोजके आहेत. वारा नौकेच्या डाव्या बाजूने येत असेल तर ती पोर्ट टॅकवर आणि उजव्या बाजूने येत असेल तर स्टारबोर्ड टॅकवर असते. पोर्टवाल्याने स्टारबोर्डवाल्याला वाट द्यायची. दोघे एकाच टॅकवर असून शेजारी असतील तर वाऱ्याकडच्या नौकेने दुसरीपासून दूर राहायचे. मागून येणाऱ्याने पुढच्याला धक्का द्यायचा नाही. वळण घेत असलेल्या नौकेने ते पूर्ण होईपर्यंत इतरांच्या वाटेत यायचे नाही. बोयाजवळ आतल्या बाजूच्या नौकेला वळण्यापुरती जागा द्यावी लागते, आणि ‘जवळ’ म्हणजे किती याची मर्यादा मोठ्या नौकांना नौकेच्या तीन लांबी आणि आपल्याला चार लांबी अशी आहे. काठावरून अंतराचा अंदाज कमी येतो म्हणून ही सवलत असावी असे मला वाटते.

चूक झाली तर शिक्षा स्वतःच घ्यायची असते: गर्दीतून बाहेर पडून एक टॅक (नाक वाऱ्यातून फिरवून वळण) आणि एक जाइब (मागची बाजू वाऱ्यातून फिरवून वळण) घेत पूर्ण गिरकी मारायची. मोठ्या नौकांना बहुतेक वेळा दोन गिरक्या लागतात, आपल्याला एकच.

सुरुवात ध्वनीवर होते. एकेका मिनिटाच्या अंतराने इशारा, तयारी आणि प्रारंभ असे तीन संकेत, आणि शेवटच्या मिनिटात दर दहा सेकंदांनी, अखेरच्या दहा सेकंदांत दर सेकंदाला मोजणी. फोनवर ही मोजणी ध्वनिमुद्रित करून ब्लूटूथ स्पीकरवर लावली की काम झाले. रेषा आधी ओलांडणाऱ्याने मागे येऊन पुन्हा सुरुवात करायची.

पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २, असे गुण द्यायचे आणि ज्याचे सर्वांत कमी तो विजेता. दिवसभरात पुरेशा फेऱ्या झाल्या तर प्रत्येकाची सर्वांत वाईट फेरी वगळायची.

माजी_नौसैनिक | बुधवार, रात्री ८.१०

टेम्सपार यांनी उत्तम लिहिले आहे. दोन गोष्टींची भर घालतो. चालकांनी काठावर ठरवून दिलेल्या पट्ट्यातच उभे राहायचे असते, कारण एक जण बोयाजवळ धावत गेला तर त्याला अंतर नीट दिसते आणि बाकीच्यांवर अन्याय होतो. आनंदवलीला बघ्यांची गर्दी जमेल, त्यामुळे पट्ट्याला दोरी बांधावीच लागेल. दुसरे असे की जी नौका संपर्क तुटून भरकटते तिच्या चालकाने ‘नियंत्रण सुटले’ असे आपल्या क्रमांकासह ओरडून सांगायचे आणि त्या फेरीतून बाद व्हायचे; इतरांनी तिला अडथळा मानून वळसा घालायचा. अशा नौकेसाठी पाण्यात उडी मारायची नाही. मासेमारीचा गळ काढून त्याच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधावा आणि तो नौकेपलीकडे फेकून तिला ओढून आणावे.

इंदिरानगरचा_रहिवासी | बुधवार, रात्री ८.३०

‘चूक झाली तर शिक्षा स्वतःच घ्यायची’ हे वाचून आमच्या संपूर्ण समितीने राजीनामा दिला आहे.

ओझरकर | गुरुवार, सकाळी ८.१५

टेम्सपार, गुण वगैरे ठीक आहे, पण मूळ मतभेद जागच्या जागी आहे. तुमच्या पद्धतीत दहा वर्षांनी नाशिकमध्ये दहा उत्तम चालक असतील आणि नौका बांधू शकणारा एकही नसेल. एनसीसीच्या नौदल विभागातील मुले शिबिरांच्या स्पर्धेसाठी जहाजांच्या प्रतिकृती बांधतात. त्यांना आपण आकर्षित करायचे की पेटी विकत घ्या म्हणून सांगायचे?

टेम्सपार | गुरुवार, दुपारी १.१०

ओझरकर, क्लब उभा राहिला तरच बांधणाऱ्यांना बांधण्याचे कारण मिळते. मार्बलहेड वर्गाची गंमत पाहा. १९३० च्या दशकात अमेरिकेतील मार्बलहेड गावात तो रुजला. ५० इंच लांबी आणि ८०० चौरस इंच शिडे या दोन आकड्यांपलीकडे त्याचे मूळ नियम फारसे नव्हते. तो अजून जिवंत आहे आणि त्यात कारागिरांनी काय काय करून दाखवले आहे! पण त्याआधी तेथे पाणी होते, ठरलेली वेळ होती आणि रेषेवर नियमाने येणारी माणसे होती. तुमच्या आरजी ६५ ला माझा विरोध नाही. माझा विरोध दोन वर्गांच्या नौका एकाच रेषेवरून एकाच वेळी सोडण्याला आहे.

बागायतदार_निफाड | गुरुवार, रात्री ९.२०

मग भांडण कसले? आधी पेटीतल्या नौका सोडा, त्या पहिल्या बोयाला वळल्या की घरी बांधलेल्या सोडा. गुण वेगळे लिहा.

गोदाकाठी | शुक्रवार, रात्री ९.४५

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या मंडळींशी आज बोललो आणि तूर्त पुढीलप्रमाणे ठरले आहे.

मुख्य वर्ग ‘ड्रॅगनफ्लाइट ६५’ राहील. टेम्सपार यांनी ९५ ची शिफारस केली होती हे खरे, परंतु आमच्यापैकी तिघांकडे ६५ आधीच आहे, ती शिडांसह दुचाकीवरून नेता येते आणि मुलांच्या हाताला हलकी पडते. दुसरा वर्ग आरजी ६५, निफाडकरांनी सुचवल्याप्रमाणे वेगळ्या संकेतावर आणि वेगळ्या गुणपत्रिकेवर. एक मीटरच्या नौकेचे मालक थोडे नाराज आहेत. त्यांना सुरुवातीचे काही महिने शर्यत-अधिकारी होण्याची विनंती केली आहे आणि ती त्यांनी अटींसह मान्य केली आहे.

सरावासाठी निफाडचे शेततळे, छाटणी आणि काढणीचे महिने सोडून, आणि निफाडकरांच्या सर्व सुरक्षा-अटी पाळून. शर्यतीसाठी गंगापूरच्या परवानगीचा अर्ज माजी नौसैनिक काका लिहून देणार आहेत. ती मिळेपर्यंत पावसाळ्यानंतर आनंदवलीला, आदल्या दिवशी पाणवेली पाहून. वेळ येवलेकरांनी सांगितलेलीच.

मीनलताई, मुलीला पहिल्या सरावाला जरूर आणावे. तिच्यासाठी एक नौका राखून ठेवतो.

ओझरकर | शुक्रवार, रात्री १०.३०

मान्य आहे. आरजी ६५ मोजण्यासाठी लाकडी चौकट मी करून आणतो, म्हणजे लांबीवरून वाद होणार नाही. शिडे मोजायला ती कागदावर सपाट आखून घ्यावी लागतील, तेव्हा प्रत्येकाने आपली शिडे डोलकाठीवरून सोडवता येतील अशी बांधावी.

माजी_नौसैनिक | शनिवार, सकाळी ७.००

शीड-क्रमांक आताच ठरवून टाकावेत, कारण नियमाप्रमाणे हाक मारताना नौकेचा क्रमांक उच्चारावा लागतो. दोन अंकी क्रमांक असेल तर अंक सुटे म्हणावेत. ऐन गर्दीत वाऱ्यातून ‘बेचाळीस’ आणि ‘त्रेचाळीस’ सारखेच ऐकू येतात आणि दोघेही चालक गिरकी मारतात किंवा दोघेही मारत नाहीत. ‘चार-दोन’, ‘चार-तीन’ असे ओरडले तर शंका राहत नाही. सहा आणि नऊ हे आकडे शिडावर लांबून उलटसुलट वाचले जातात, त्यामुळे ते शक्यतो टाळावेत.

सातपूर_थ्रीडी | शनिवार, सकाळी ७.४०

मला १ हवा.

येवलेकर | शनिवार, सकाळी ७.४२

१ माझा आहे, गोदाकाठींना मी फोनवर सोमवारीच सांगितले होते.

गोदाकाठी | शनिवार, सकाळी ८.३०

फोनवरची नोंदणी ग्राह्य नाही. ज्यांना क्रमांक हवा आहे त्यांनी येथेच, स्वतःच्या नावाने आणि वर्गाच्या उल्लेखासह लिहावे. दोन वर्गांत एकच क्रमांक दिला जाणार नाही. सातपूर_थ्रीडी: १, आरजी ६५, नोंद केली. येवलेकर, कृपया दुसरा सांगावा.

येवलेकर | शनिवार, सकाळी ८.३४

११. ड्रॅगनफ्लाइट ६५. आणि मी प्रोटेस्ट नोंदवत आहे, इंदिरानगरच्या समितीने राजीनामा मागे घ्यावा.